महालातल्या काकूंकडचे बॅज: आधी विचारतात चित्र कोणाचं, मग विचारतात किती पाहिजे

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमचा ग्रुप पाणी वाटतो, दरवर्षी. तिथली गर्दी नागपूरकरांना सांगायला नको, आपलीच पोरं आपल्याला सापडत नाहीत, म्हणून यावेळी सगळ्यांच्या छातीवर लावायला बटन बॅज करायचे ठरले, 150 नग. कोणीतरी नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंचं सांगितलं. घराचीच पुढची खोली आहे, पाटी नाही, दाराला फक्त बॅजची एक माळ लटकवलेली असते. नेटवर शोधून सापडणार नाही म्हणूनच सविस्तर लिहून राहिले आहे.

पहिल्याच दिवशी आमचा वाद झाला. मी फोनमध्ये बाबासाहेबांचं एक पेंटिंग नेलं होतं, खूप सुंदर, कितीतरी वर्षांपासून माझ्याकडे आहे. काकूंनी चष्मा लावला, चित्र मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "कोणी काढलं हे?" मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर आलं होतं. "मग नाही छापता येणार बेटा."

मला राग आला, खरं सांगते. काहून नाही? बाबासाहेब सगळ्यांचे आहेत, आणि आम्ही विकून थोडीच राहिलो, फुकट वाटून राहिलो! काकू शांतपणे म्हणाल्या, बाबासाहेब सगळ्यांचेच, पण हे चित्र कोणीतरी जागून काढलंय, खाली कोपऱ्यात बघ. बघितलं तर खरंच सही होती, अर्धी कापली गेलेली. इतक्या वर्षांत मला ती एकदाही दिसली नव्हती.

मग त्यांनी बसवून सगळं समजावलं, चहा पण दिला. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात चित्र काढलं की हक्क आपोआप त्या माणसाचा होतो, कुठे रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही. तो हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. म्हणजे बाबासाहेब 1956 ला गेले, त्यांनी स्वतः लिहून त्यांच्या हयातीत छापलेलं जे आहे ते 2017 च्या सुरुवातीपासून कोणालाही वापरता येतं, पण आजच्या चित्रकाराने काढलेलं त्यांचं पेंटिंग हे आजच्या चित्रकाराचं. दुसरं उदाहरण त्यांनी आपल्या राष्ट्रसंतांचं दिलं. तुकडोजी महाराज 1968 ला गेले, म्हणून त्यांच्या लिखाणावर 2028 संपेपर्यंत हक्क आहे, भजन मंडळवाले बॅजसाठी ओळी घेऊन आले की काकू त्यांना आधी परवानगीचं पत्र आणायला सांगतात. तुकोबांचे अभंग मात्र बिनधास्त छापतात.

आणि खाली चित्रकाराचं नाव टाकलं की झालं असं मला वाटायचं, तसं नाहीये. नाव टाकणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. फुकट वाटले तरी कॉपी ती कॉपीच. जाणूनबुजून केलं तर 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड असं कायद्यात लिहिलंय, पैसे कमवायला केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं तेवढंच. कार्टून, क्रिकेट टीमचे लोगो, गाड्यांच्या कंपन्यांचे लोगो, काकू काहीच घेत नाहीत. लोगोला वर 1999 चा ट्रेडमार्कचा कायदा पण लागतो. माझ्यासमोर एक दादा मुलाच्या वाढदिवसाला 80 कार्टूनचे बॅज मागायला आले होते, त्यांना पण नाही म्हणाल्या आणि वरून मुलालाच चित्र काढायला सांगा म्हणाल्या. 80 बॅजची ऑर्डर सोडणं म्हणजे एवढ्याशा धंद्यात किती मोठी गोष्ट आहे!

आम्ही त्या चित्रकाराला शोधून मेसेज टाकला, आठवडाभर उत्तर नाही. तेव्हा काकूच म्हणाल्या, दीक्षाभूमीचा स्तूप काढा ना. इमारतीचं आपण स्वतः चित्र काढून छापायला कायद्यात मोकळीक आहे, फक्त दुसऱ्याने काढलेला फोटो उचलायचा नाही.

माझी लहान बहीण चित्रं काढते पण ती तयारच होईना, त्याला कारण आहे. दोन वर्षांआधी तिने काळी आणि पिवळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीत निघतात ते पुतळे) काढली होती, आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी त्याचे 30 बॅज करून घेतले, आणि पुढच्या पोळ्याला एका प्रदर्शनात तेच चित्र स्टॉलवर विकायला! तिने स्टॉलसमोर उभं राहून स्वतःचं चित्र 40 रुपये देऊन विकत घेतलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. फाइल त्या बॅज करणाऱ्यांकडेच राहिली होती, आम्ही काही लिहून घेतलं नव्हतं. तेव्हापासून ती चित्र बाहेर द्यायलाच घाबरते.

हे काकूंना सांगितलं तर त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि हाताने लिहिलं की चित्र हिचं आहे, 150 नग छापायची परवानगी आहे, त्यापेक्षा एक जास्त नाही, काम झालं की फाइल डिलीट. दोघींच्या सह्या, एक कॉपी हिला. बहिणीने त्या रात्रीच स्तूप काढला.

आता मालाबद्दल. आमचे 58 एमएमचे आहेत. कागद मात्र 70 एमएमचा गोल कापतात कारण कडेचा भाग वळून बाजूला आणि मागे जातो, म्हणून मजकूर कडेपासून आतच ठेवायचा. आधी पत्र्याचा शेल, त्यावर प्रिंट, त्यावर पारदर्शक फिल्म, मशीनचं हँडल दाबायचं, मग डाय म्हणजे साचा फिरवून पिनवाली मागची चकती आणि परत दाबायचं, कट्ट असा आवाज येतो. पिन बरोबर आडवी नसली तर छातीवर चित्र तिरपं दिसतं, म्हणून काकू शेलच्या मागे पेनाने खूण करतात आणि प्रत्येक चकती त्या खुणेला लावूनच बसवतात. बॅज वळतो त्या बारीक कडेवर बहिणीचं नाव छापलंय, समोरून नाही दिसत, हातात घेऊन तिरपा केला की दिसतं. प्रिंट लेझरची आहे, दिवसभर घाम आणि पाण्याचे ग्लास यात राहून एकाचाही रंग पसरला नाही.

आमच्या 150 मधले 4 वाकडे निघाले, ते त्यांनी स्वतःच बाजूला काढून नवीन करून दिले. रेट 20 रुपये नग. बाजारात 12-13 ला पण होतात, आम्ही विचारून आलो होतो. दोन गोष्टी पटल्या नाहीत: माल सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा मिळाला, दसरा तोंडावर असताना फार टेन्शन आलं, आणि 44 एमएमच्या सॅम्पलवर अक्षरं इतकी बारीक होती की वाचताच येईना, तर लहान साइज घेऊ नका. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, बडकस चौकात लावून पायी जा.

चित्रकाराचं उत्तर दसऱ्यानंतर आलं. पुढच्या वर्षीसाठी परवानगी दिलीय, पैसे नको म्हणाले, फक्त सही कापू नका म्हणाले. तो मेसेज मी काकूंना दाखवला तर म्हणाल्या, प्रिंट काढून आण, वहीत चिकटवून ठेवते.