केबल की फ्री डिश? सांगलीतल्या घरासाठी एक हिशेब

सांगलीत घरी टीव्ही लावायचा म्हटलं की अजूनही दोन पर्याय समोर येतात: गल्लीतल्या केबलवाल्याची वायर, नाहीतर गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची, महिन्याला काही न घेणारी छत्री. खासगी डीटीएचचा हिशेब जवळपास केबलसारखाच, म्हणून त्याचा वेगळा विचार करत नाही. मी दोन्ही वापरलंय आणि सध्या छत्रीवर आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार ते ओळखालच. तरी केबलची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही.

घरात कुणाला संध्याकाळी झी मराठी किंवा स्टार प्रवाह लागतंच, अशी परिस्थिती असेल तर वाद तिथेच संपला. या वाहिन्या फ्री डिशवर नाहीत. शिवाय काही बिघडलं तर केबलचा पोरगा फोन केल्यावर येतो, निदान आमच्याकडे तरी यायचा. छत्रीचं काही झालं तर गच्चीवर चढायचं आपणच. जोराच्या पावसात अशा कुठल्याही छत्रीचं चित्र अडखळतं. सांगलीत हा त्रास सुसह्य आहे. पाटण-महाबळेश्वरकडे राहत असाल तर जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर आणून ठरवा. पुराचं म्हणाल, तर वीज गेली की दोन्ही सारखीच.

पैशांत केबल महाग, हे सांगायला नको. २०१९ च्या दरपद्धतीत नुसत्या जोडणीसाठी महिन्याला १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती, २०२४ मध्ये तीही उठली. पॅकचे पैसे त्यावर वेगळे. पण खरं सांगायचं तर मी रकमेला कंटाळलो नव्हतो.

कंटाळलो ते पॅक संपला की सगळंच काळं व्हायचं त्याला. सशुल्क वाहिन्या बंद पडल्या तर तक्रार नाही, त्यांचे पैसे मी दिलेलेच नसत. पण सह्याद्रीही बंद? दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला कायद्याने बंधनकारक आहे. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीतले पगार केंद्राच्या अनुदानातून होतात, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. सह्याद्रीवरच्या बातम्यांचे पैसे मी आधीच भरलेले, आणि त्या बघायला पुन्हा मालिकांचा पॅक मारायचा! नगरपालिकेच्या नळाला शेजाऱ्याने कुलूप घालावं, तसला प्रकार. इतरांना हे कदाचित क्षुल्लक वाटेल. सौभाग्यवतींना वाटायचंच. मला मात्र दर वेळी तेच खुपायचं.

मग फुकट देणाऱ्याचं घर चालतं कशावर, हा प्रश्न रास्त आहे. एके काळी आपण सगळेच भरत होतो. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढायचं, दरवर्षी नूतनीकरण करून घ्यायचं. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं तेव्हा ते ऐकायलाही लायसन लागायचंच. पुढे टीव्हीलाही लागलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दोन्ही रद्द झाली. ब्रिटनने मात्र ते सोडलं नाही. तिथे २०२५ साली वर्षाला १७४.५० पौंड पडत होते, चुकवलं तर फौजदारी खटला आणि १,००० पौंडांपर्यंत दंड. प्रक्षेपण खुलं असल्यामुळे न भरणाऱ्याचं चित्र तोडता येत नाही, मग त्या माणसालाच कोर्टात ओढावं लागतं. जर्मनीने २०१३ पासून घरात टीव्ही आहे की नाही हे विचारणंच सोडून दिलं. काही सवलती सोडल्या तर प्रत्येक घराने भरायचं, २०२५ साली महिन्याला १८.३६ युरो. कुलूप आणि कोर्ट, दोन्हींपेक्षा मला हे बरं वाटतं. पण आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीवर टीव्हीसाठी आणखी एक ओळ वाढली तर काय गदारोळ होईल, ते सांगायला नको.

फ्री डिशने तिसरी वाट धरली. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली. प्रेक्षकाकडून महिन्याला काही घ्यायचं नाही. खासगी वाहिन्यांनी लिलावात बोली लावून जागा विकत घ्यायची. यात वसुलीचा प्रश्नच उरत नाही. दुखणंही यातूनच येतं. १ एप्रिल २०२२ ला बड्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, आणि काल दिसणारी मालिका आज गायब झाली. त्यातल्या काही पुढच्या वर्षी परतल्या. खासगी मराठी वाहिन्यांचंही असंच आहे, ज्याची बोली लागेल तो दिसेल. एका ठरावीक मालिकेवर जीव असेल तर या भरवशावर राहू नका.

क्रिकेटमध्ये मात्र पारडं उलटं झुकतं. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यावं लागतं. त्यावरच्या जाहिरातींतून निदान ७५ टक्के हक्कदार वाहिनीला आणि उरलेले प्रसार भारतीला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे चित्र प्रसार भारतीने आपल्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवावं, केबलवरच्या दूरदर्शनवर ते जाऊ नये. त्यामुळे भारताचा एकदिवसीय सामना छत्रीवर दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसतो, आणि केबलवर त्याच वाहिनीवर भलतंच काहीतरी चालू असतं. केबलवर तो बघायचा तर क्रीडा वाहिनीचा पॅक घ्या.

छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणं मिळून मला दोन हजारांच्या आत पडलं. तुम्ही घेणार असाल तर बॉक्स एमपीईजी-४ चाच मागा, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या येतच नाहीत. पैसे देण्याआधी गच्चीवर जाऊन आग्नेयेकडे बघा. उपग्रह त्या बाजूला, बऱ्यापैकी वर आहे. गावभागात वाडे खेटून आहेत, शेजारी त्याच दिशेला तीन मजले चढले असतील तर विषय सोडा आणि केबल ठेवा. विश्रामबाग भागात सहसा अडचण येऊ नये. आणि छत्री घेतलीच, तर दर वर्षी १ एप्रिलनंतर एकदा रिमोटवरून ऑटो स्कॅन मारा. नव्या वाहिन्या आपोआप येत नाहीत, आणि गेलेल्यांचे रिकामे आकडे यादीत तसेच पडून राहतात.