दोन नट दिसले आणि मी पैसे मोजले

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्क शॉप आहे. गड्ड्याची यात्रा उरकली आणि जुन्या व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) एक्स ॲक्सिसचा बॉल स्क्रू ढिला झाला. बॉल स्क्रू म्हणजे टेबल डावी-उजवीकडं सरकवणारा आट्यांचा दांडा, त्याच्यावरच्या नटात बारीक गोळ्या असतात. ४० मिमी व्यास, १० मिमी लीड, म्हणजे एका फेऱ्याला टेबल १० मिमी सरकतं. मशीन दुरुस्ती करणाऱ्या एकाला बोलावलं. "मालक, सिंगल नटला बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना ढील, राहणारच. डबल टाकू, शून्य येईल." वीस हजार जास्त सांगितले. बिल नको म्हणालात तर जीएसटी वाचेल, हेही त्यानंच सुचवलं. मला ते गोड वाटलं, खोटं कशाला बोलू!

स्क्रू आला. दोन नट, मध्ये स्पेसर, डोळ्याला झकास. बसवून त्यानं टेबलाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावला, हँडव्हीलनं पुढंमागं करून दाखवलं. काटा जागच्या जागी. रोख मोजले.

आठवड्यात बोअर (मापाची गोल भोकं) काढलेले जॉब गिऱ्हाईकाकडून परत आले. कटर गोल फिरवून काढलेल्या बोअरला घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या जागी बारीक ओरखडा, नखाला लागेल असा. माझ्या ऑपरेटरनं कंट्रोलरवर पॅरामीटर १८५१ उघडला आणि मला हाक मारली, "अण्णा, हे बघा." फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरमध्ये तिथं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे ढील भरून काढायचा आकडा, भरतात. आकडा होता ४२, म्हणजे ४२ मायक्रॉन. स्क्रू ढिलाच होता. दिशा बदलली की कंट्रोलर तेवढं जास्त फिरवून डायलला फसवत होता.

मग सर्वो (स्क्रू फिरवणारी आणि जागेवर धरणारी मोटर) चालू ठेवून टेबलाला पहारीनं हळूच इकडून-तिकडून रेटा दिला. काटा चार रेघा हलला. कमांड नसेल तर कॉम्पेन्सेशन काही झाकत नाही. स्क्रू घेताना एवढंच केलं असतं तर?

चिंचोळीतल्या एका जुन्या फिटरनं नट खोलले. म्हणाले, दोन नट म्हणजे प्रीलोड (ढील मारायला आधीच दिलेला दाब) नव्हे. स्पेसर मापानं जाड असेल तर दोन्ही नट एकमेकांपासून रेटले जातात, बॉल खाचेच्या विरुद्ध बाजूंना टेकतात, तेव्हा ढील मरते. याचा स्पेसर पातळ, नुसता दिखाव्याला. उलट सिंगल नटमध्येही किंचित मोठे बॉल भरून प्रीलोड करतात. तो आखूड असतो, स्वस्त पडतो, हलक्या कामाला पुरतो. डबलला प्रीलोड जास्त देता येतो, शिवाय झीज झाल्यावर स्पेसर बदलून परत घट्ट करता येतो. फार घट्ट केला तर स्क्रू तापतो, हेही त्यांनी बजावलं. माझं काम पोलादाचं, मला डबलच हवा होता, पण खरा.

नवा स्पेसर सरफेस ग्राइंडरवर मापाला आणला. रेटून बघितलं तर काटा अर्धी रेघ. १८५१ मध्ये आता ५ आहे.

वीस हजार गेलेच. बिल नाही, तक्रार कशाच्या जोरावर करणार? तो अजून एमआयडीसीत फिरतो, मला बघून गाडी वळवतो.