हट बेच्या तिकिटांपायी 22,500 रुपये

लिटल अंदमानला जाण्याचा विचार असेल तर हे आधी वाचावे, कारण ज्या दलालाने आम्हा दोघांकडून 22,500 रुपये उकळले, तो पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमात, अजूनही उजळ माथ्याने गिऱ्हाइके शोधत असणार. खासगी वेगवान बोटी मुख्यतः स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपकडे धावतात. लिटल अंदमानचे बंदर असलेल्या हट बेसाठी भिस्त सरकारी जहाजावर, आणि त्यातही स्थानिकांना प्राधान्य असते, जे योग्यच आहे. या टंचाईवरच अशा लोकांचे पोट चालते.

त्याने जहाजाच्या दोन तिकिटांचे 9,000, डुगाँग क्रीकच्या ‘जंगल सफरी’च्या परवान्याचे 6,500 आणि हट बेच्या धक्क्यावर येणाऱ्या जीपचे 7,000 रुपये आगाऊ घेतले, तेही स्वतःच्या खासगी खात्यावर. तिकिटांवर भाड्याचा आकडा काळ्या शाईने झाकलेला होता. विचारले तेव्हा, कंपनी आमचे कमिशन गिऱ्हाइकाला दाखवू देत नाही, असे तो शांतपणे म्हणाला. सरकारी जहाजाला कंपनी कुठली, हा साधा प्रश्न त्या क्षणी मला सुचला नाही, याचा संताप अजून जात नाही. त्या शाईखाली स्थानिकांचे सवलतीचे भाडे होते. जहाजावर चढताना स्थानिक ओळखपत्र मागितले गेले, आम्हाला बाजूला काढले आणि जहाज निघून गेले. तिकिटावरचा प्रवासी वर्ग आणि भाडे वाचल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पुढच्या फेरीची तिकिटे खिडकीवर रांग लावून काढली आणि हट बेला पोहोचलो, तर जीप नव्हतीच. तिची गरजही नव्हती: धक्क्यापासून उत्तरेकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर बस आणि रिक्षा मिळतात, बटलर बे सुमारे 14 किलोमीटरवर आहे. (पाण्यात उतरण्यापूर्वी मगरींबद्दल गावकऱ्यांना जरूर विचारा.) परवान्याचा प्रकार तर त्याहून संतापजनक. डुगाँग क्रीक ही ओंगे जमातीची राखीव वस्ती असून आदिम जमातींच्या संरक्षणासाठीच्या 1956 च्या विनियमानुसार तिथे बाहेरच्यांना जाता येत नाही. पर्यटकाला तसला परवाना मिळतच नाही. पण बाराटांग बेटावर जाताना जारवा जमातीच्या राखीव जंगलातून पर्यटकांची वाहने रीतसर अर्ज भरून, पोलीस पहाऱ्यात ताफ्याने नेली जातात, हे पाहून आलेल्या माणसाला शिक्का मारलेला कागद खरा वाटला तर त्यात नवल काय?

त्यानंतरचा मनस्ताप पोलीस ठाण्यातला. तिथे सांगितले, पैसे ऑनलाइन गेले, तेव्हा घरी जाऊन तक्रार करा. घरी परतल्यावर ऐकले, गुन्हा बेटावर घडला, तिकडेच जा. हद्दीचा विचार न करता तक्रार नोंदवावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते, हे अंमलदाराला मी वाचून दाखवले, तर त्यांनी मलाच वकील आहात का म्हणून विचारले. तुम्ही असल्या फेऱ्यांत वेळ घालवू नका, पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच गोठवता येते. आमच्या बाबतीत तर, हा परवाना वापरला असता तर गुन्हा तुमच्यावरच दाखल झाला असता, असे सुनावून पोलिसांनी तो मूळ कागद ठेवून घेतला आणि पोच दिली नाही. तुम्ही मात्र छायाप्रतच द्या.