गुण्यात नसलेल्या घराचं मॉडेल : लेझर स्कॅनर आणि रेव्हिट, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या पट्ट्यातले जुने वाडे आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन शेड एवढ्या कामावर ट्रायपॉडवरचा लेझर स्कॅनर (भोवतालचे पृष्ठभाग कोट्यवधी बिंदूंत मोजणारं यंत्र) आणि रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) ही जोडी नऊ महिने वापरून झाली. घेण्याआधी जो तो एकच विचारतो: अचूकता किती मिमी? त्या आकड्यावरून यंत्र निवडता येतं, काम निभत नाही. भिंत जशी आहे तशी स्कॅनर आणून देतो. ती मॉडेलमध्ये किती सरळ करायची हे माणसाला ठरवावं लागतं, आणि वेळ, पैसा, वादावादी सगळं तिथे जातं. जागेवर एक दिवस, टेबलावर दहा दिवस हे तिमजली वाड्याचं साधारण प्रमाण. मालकाला मात्र वाटतं की यंत्र फिरवून झालं म्हणजे मॉडेल तयारच झालं.

आधी यंत्राबद्दल, थोडक्यात. मध्यम वर्गातलं आहे: १० मीटरवर ४ मिमीची अचूकता, ६० मीटरचा पल्ला. बिंदूंची घनता, म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर, तीन टप्प्यांत मिळते, १० मीटरवर १२, ६ किंवा ३ मिमी. नवखा माणूस हमखास ३ मिमी लावतो. ६ मिमीला एका सेटअपमधून (यंत्र एका जागी ठेवून घेतलेला स्कॅन) साडेचार कोटींच्या आसपास बिंदू येतात. ३ मिमी केलं की अंतर निम्मं, म्हणून बिंदू चौपट: अठरा कोटी, वेळही जवळपास चौपट. खोलीतली भिंत मुळात चार-पाच मीटरवर असते, तेव्हा ६ मिमीच्या सेटिंगवरही तिच्यावर ३ मिमीला एक बिंदू पडतोच. लहान खोल्यांना १२ पुरतं. ३ मिमी फक्त कोरीव दर्शनी भागासाठी ठेवावं.

जागेवरची तयारी माहितीपत्रकात नसते. पंखे बंद करायचे, नाहीतर छताखाली बिंदूंची तबकडी तरंगते. दारं पूर्ण उघडून खाली पाचर मारायची आणि शेवटच्या सेटअपपर्यंत कुणी हात लावायचा नाही, कारण मध्येच दार हललं तर सॉफ्टवेअर त्या दारावरून दोन स्कॅन जुळवायला जातं. आरशांवर चादर टाकायची. न टाकल्यास आरशामागे अख्खी दुसरी खोली उगवते, आणि ती इतकी नीटस असते की भिंतीची जाडी काढताना कुणीतरी फसतंच. ओट्याचा काळा पॉलिश ग्रॅनाइट आणि ऑइल पेंटची डॅडो (भिंतीचा खालचा पट्टा) तिरक्या कोनातून जवळजवळ काहीच परत पाठवत नाहीत, तिथे सेटअप समोरून हवा. आणि इथल्या घरांची खासियत म्हणजे हिंचका, झोपाळा. दिवाणखान्यात मधोमध टांगलेला, येता-जाता कुणीही ढकलतं, वाऱ्यानेही हलतो. दोन बाजूंना सुतळीने ताणून बांधा किंवा काढून ठेवा. हिंचक्याच्या चार कड्या मात्र स्कॅनमध्ये पक्क्या येऊ द्या, कारण त्यांच्यावरून वरची तुळई कुठे आहे हे कळतं.

टार्गेट (स्कॅन जुळवायच्या खुणा) म्हणून ए-४ कागदावर छापलेले काळे-पांढरे चौकट चालतात, पण मॅट कागदावर. टिकावेत म्हणून लॅमिनेट केले की चमक मारते आणि मध्यबिंदू सरकतो.

लाकडी जमिनीचं प्रकरण वेगळं. वाड्याच्या वरच्या मजल्यावर कडीपाट (लाकडी कड्यांवर टाकलेल्या फळ्या) असतो आणि दोन तुळयांच्या मध्ये तो माणसाच्या चालण्याने चांगलाच लवतो. यंत्र फिरत असताना चालवणारा माणूस डोकं चुकवत त्याच्याभोवती फेरी मारतो, जमीन दबते, यंत्र डुलतं आणि भिंती लाटेसारख्या येतात. अशी लाट नंतर कुठल्याही फिल्टरने निघत नाही. ट्रायपॉडचे पाय तुळईच्या रेषेवर येतील असे ठेवावेत, बटण फोनवरून दाबावं आणि माणसाने शेजारच्या खोलीत स्तब्ध उभं राहावं. हे उघड वाटतं, तरी परत जाऊन स्कॅन करावे लागण्याचं सर्वांत मोठं कारण हेच होतं.

सेटअप कुठे लावायचे याचा एक नियम पक्का झाला: प्रत्येक उंबरठ्यावर एक. दोन्ही खोल्या दिसतात आणि दाराच्या चौकटीतून भिंतीची जाडी मिळते. चौक हा वाड्याचा कणा. चौकातून वरच्या सज्ज्यांकडे आणि प्रत्येक सज्ज्यातून चौकाकडे पाहिलेलं असेल तर मजले एकमेकांना घट्ट बांधले जातात. नुसत्या जिन्यावर भिस्त ठेवली की गडबड. जिना अरुंद, अंधारा, भिंती जवळ. अशा नळीतून स्कॅनची साखळी वर नेताना स्कॅन एका कलेने जरी कलला (अंशाचा साठावा भाग) तरी २० मीटरवर ६ मिमीचा फरक पडतो. खालचं छत आणि वरची जमीन एकमेकांना कधीच पाहत नसतात, म्हणून ही चूक थेट तक्तपोशीच्या (फळ्यांच्या लाकडी छताच्या) जाडीत येऊन बसते आणि कुणाला संशयही येत नाही. वरच्या खोल्यांतून खिडकीवाटे रस्त्याकडचा दर्शनी भाग पकडून फेरी पूर्ण केली की निम्मी काळजी मिटते.

स्कॅन एकमेकांना जोडणं, म्हणजे रजिस्ट्रेशन, बहुतेक वेळा आपोआप होतं आणि म्हणूनच घात करतं. समान अंतरावर खांब असलेल्या ओसरीत सॉफ्टवेअर अख्खा एक खण (दोन खांबांमधलं अंतर) सरकून जुळतं. खांबावर खांब बसलेला, अहवालात सरासरी चूक २ मिमी, सगळं हिरवं. इमारत मात्र एका खणाने आखूड. अहवालातला आकडा जुळलेले बिंदू किती जवळ आहेत एवढंच सांगतो, बरोबर बिंदू जुळले की नाही ते सांगत नाही. उपाय जुनाच. जमिनीपासून १.२ मीटरवर ५ सेंमी जाडीचा आडवा काप घ्यायचा, प्रत्येक सेटअपला वेगळा रंग द्यायचा आणि भिंती दुहेरी दिसतात का ते फिरून पाहायचं. मग तसाच उभा काप चौकातून. ओसरीत एखादं विजोड काहीतरी, खुर्ची किंवा टार्गेट लावलेला खोका, मुद्दाम ठेवून द्यावं. खण सरकला की ते दोनदा दिसतं. शेडमध्ये ६० मीटर लांबीवर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेअरचं यंत्र) घेतलेले पाच नियंत्रण बिंदू असल्याशिवाय साखळीवर विश्वास ठेवू नये.

सर्व्हेअरकडून बिंदू यूटीएममध्ये (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारी नकाशा पद्धत) आले तर थांबा. वडोदरा ४३व्या पट्ट्यात येतं: पूर्वेचा आकडा तीन लाख मीटरच्या वर, उत्तरेचा चोवीस लाखांच्या वर. रेव्हिटची भूमिती आपल्या आरंभबिंदूपासून १६ किलोमीटरच्या आतच नीट चालते. तसेच्या तसे आणल्यास रेषा थरथरतात, कर्सर कोपरा पकडत नाही, आणि दोष पॉइंट क्लाउडचा (स्कॅनच्या सगळ्या बिंदूंचा संच) वाटतो. क्लाउड आधीच स्थानिक आरंभबिंदूवर सरकवून घ्यावा आणि किती सरकवला ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून क्लाउडसोबत ठेवावं.

आता मॉडेल. शून्य पातळी कुठली? जमीन कुठेच पाणसळीत नसते, म्हणून चौकातल्या जोत्याच्या दगडाची वरची कड शून्य धरली. तो दगड पुढेही हलवला जाणार नाही आणि गवंडी त्याच्यावरूनच मोजतो.

मग भिंती. जुना वाडा ना गुण्यात (काटकोनात), ना ओळंब्यात (सरळ उभा). समोरच्या बाजूला काटकोन अर्ध्या अंशाने चुकला असेल तर १२ मीटर लांबीवर १०५ मिमीचा फरक, म्हणजे जवळपास अर्धी वीट. अक्षापासून अगदी थोडी वाकडी रेषा काढली की रेव्हिट इशारा देतं, आणि ड्राफ्ट्समन त्या इशाऱ्याला भिऊन रेषा सरळ करून टाकतो. नव्या इमारतीत ती सवय चांगली. इथे तीच सवय नकाशाची वाट लावते.

काय सरळ करायचं, काय नाही, हे काम घेतानाच कागदावर आणलं. अमेरिकेतल्या यूएसआयबीडी संस्थेची अचूकतेची श्रेणी त्यासाठी उपयोगी पडते: एलओए ३० म्हणजे ५ ते १५ मिमी, एलओए २० म्हणजे १५ ते ५० मिमी. वाड्यासाठी ठरलं ते असं. १५ मिमीच्या आतला कल असेल तर भिंत सरळ. १५ ते ५० मध्ये भिंत सरळ, पण तिच्यावर कलाची नोंद आणि दिशा. ५० च्या वर भिंत तिरकीच काढायची. रेव्हिट २०२१ पासून तिरकी भिंत थेट काढता येते, त्याआधीच्या आवृत्तीत तो मोठा खटाटोप होता. लवलेली जमीन वेगळी: तिचे बिंदू उचलून खाली-वर करता येतात, पण फरशीचं काम व्हायचं असेल तरच ती मेहनत घ्यावी. हा कागद नसेल तर रचना अभियंत्याला कल हवा असतो, सजावटकाराला काटकोन हवा असतो, आणि एकच मॉडेल दोघांना खूश करता करता कुणाच्याच कामाचं राहत नाही.

एक खांब जवळून पाहा. ओसरीतला सुरुदार (सुरूच्या झाडासारखा निमुळता) सागवानी खांब, खाली दगडी तळखडा (बैठक), वर केळफूल (कोरीव माथा). १.२ मीटरच्या कापात तो नुसतं वर्तुळ दिसतो, पण त्याचं पोट खालच्या तिसऱ्या भागात असतं आणि मान वर बारीक होत जाते. निदान सहा उंचींवर काप लागतात. एकाच बाजूने स्कॅन असेल तर वर्तुळाचा जेमतेम तिसरा भाग मिळतो आणि व्यास मनाला येईल तसा बसतो; निम्म्याहून जास्त परीघ दिसायला हवा. त्यातही कडेचे बिंदू दगा देतात. किरण अर्धा खांबावर, अर्धा मागच्या भिंतीवर पडला की यंत्र दोघांच्या मधलंच अंतर नोंदवतं. ते बिंदू काढून मधला भाग तेवढा घ्यायचा. सुताराची फीत गुंडाळून तपासणं दोन मिनिटांचं काम आहे: एका खांबाचा घेर ६२८ मिमी भरला, म्हणजे व्यास २००; क्लाउडमधून आधी २०६ येत होता. एक खांब नीट झाला की त्याची फॅमिली (रेव्हिटमधला पुन्हा वापरता येणारा घटक) करून बाकीचे बसवता येतात, पण उंची प्रत्येकाची स्वतंत्र ठेवावी, कारण तळखडे सारखे खचलेले नसतात. केळफुलाच्या पाकळ्या मॉडेल करू नयेत. साधा ठोकळा ठेवावा आणि नक्षीसाठी स्कॅनची जाळी (मेश) वेगळी द्यावी. सोळा केळफुलं पाकळ्यांसकट आली की फाइल उघडतानाच चहा होतो.

स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. गिलाव्यामागे वीट आहे की लाकडाचा सांगाडा, तक्तपोशीच्या वर लाकडी कड्या किती, हे त्याला माहीत नाही. म्हणून प्रत्येक घटकाला ‘पाहिलं’ की ‘गृहीत धरलं’ असा हो-नाहीचा रकाना जोडला आणि गृहीत भागाला राखाडी रंग दिला. नऊ महिन्यांत मॉडेलमध्ये केलेली सर्वांत उपयोगी गोष्ट ही.

भिंती, खांब आपोआप ओळखणारी प्लगइन शेडमध्ये चांगली चालली, वाड्यात नाही. एकाच भिंतीची जाडी दोन टोकांना वेगळी असली की ती तुकडे पाडते. शेडमध्येही डोळे उघडे ठेवा. लायब्ररी युरोपची असेल तर ३०० मिमीच्या पोलादी तुळईला आयपीई ३०० म्हणून बसवते, जिची पाळ (वरची-खालची आडवी पट्टी) १५० मिमी रुंद. आपल्याकडची आयएसएमबी ३०० असेल तर पाळ १४०. फरक १० मिमीचा, पण वजन आणि ताकद दोन्ही बदलतात.

किरकोळ पण डोकेदुखीच्या गोष्टी. रीकॅपची (स्कॅन हाताळायचं सॉफ्टवेअर) आरसीपी फाइल ही नुसती यादी असते, बिंदू शेजारच्या सपोर्ट फोल्डरमध्ये असतात. ते न पाठवता फक्त आरसीपी मेल केली की समोरच्याला काहीच उघडत नाही. संगणकात ६४ जीबी रॅम आणि वेगवान एसएसडी हवी. ६ मिमीच्या साठ सेटअपचा कच्चा डेटा सहज ४० जीबीच्या पुढे जातो, म्हणून रेव्हिटमध्ये ५ मिमीवर विरळ केलेली प्रत जोडावी. विरळ करणं आणि काप पाहणं क्लाउडकंपेअरमध्ये फुकटात होतं. आमच्या यंत्राची तापमानाची मर्यादा ४० अंश आहे, तेव्हा मे महिन्यात अगाशीवरचं (गच्चीवरचं) काम सकाळी नऊच्या आत उरकावं. तांबेकर वाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर लेखी परवानगी आधी.

घ्यावं का? महिन्याला दोन इमारती मिळत नसतील तर यंत्र भाड्याने आणा आणि वाचलेला पैसा मॉडेल करणाऱ्या माणसावर घाला. फोनमधल्या लायडारचा (छोट्या लेझर स्कॅनरचा) पल्ला पाचेक मीटर. माळ्याची नोंद ठेवायला ठीक, नकाशाला नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटला तर यातलं काहीच नको, डिस्टो (हातातलं लेझर अंतरमापक) आणि वही पुरे.

काम सोपवताना मॉडेलसोबत मूळ क्लाउड ई-५७ (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा फाइल-प्रकार) मध्ये द्यावा, दोन हार्ड डिस्कवर, एक मालकाकडे आणि एक वास्तुविशारदाकडे. दुरुस्ती सुरू झाली की गिलावा उतरतो, तुळया बदलतात, आणि १५ मिमीच्या आतली म्हणून आपण सरळ केलेली भिंत खरी किती कलली होती, हे त्या डिस्कशिवाय कुठेही उरत नाही.