आठ जणांची चीज पेटी आणि ठाण्यातला डिसेंबर

यंदा नाताळच्या संध्याकाळी आमच्या नौपाड्यातील घरी आठ जण जेवायला येणार होते. जेवणाआधी तासभर गप्पा होतात, त्या वेळी वेफर्स आणि चिवड्याऐवजी चीज बोर्ड मांडावा, असे आम्ही ठरवले होते. घोडबंदर रस्त्यावरील एका दुकानात सणासाठी तयार केलेली ‘आठ जणांची पेटी’ २,४५० रुपयांना मिळते, असे कळल्यावर मी ती चार दिवस आधी पैसे भरून मागवली. पेटीतील चीज मला मनापासून आवडले. मात्र ते घरापर्यंत ज्या अवस्थेत पोहोचले आणि त्यासोबत ज्या सूचना आल्या, त्यांबद्दल माझ्या तक्रारी आहेत. मुख्य तक्रार दुकानाने दुसऱ्याच दिवशी दूर केली, म्हणून दुकानाचे नाव येथे देत नाही.

पेटीत चार प्रकारचे मिळून ५०० ग्रॅम चीज होते: ब्री १२५ ग्रॅम, वर्षभर मुरलेले गौडा १५० ग्रॅम, चेडर १५० ग्रॅम आणि निळ्या बुरशीचे चीज ७५ ग्रॅम. जोडीला लसूण आणि हर्ब घातलेली क्रॅकर्स, ऑलिव्हची बाटली, अंजिराचा जॅम, मूठभर अक्रोड, बांबूची पातळ फळी आणि तीन छोट्या सुऱ्या होत्या. जेवणापूर्वीच्या खाण्यासाठी माणशी ५० ते ६० ग्रॅम चीज पुरते, त्या हिशेबाने दुकानाने सांगितलेला आठ हा आकडा प्रामाणिक आहे. सुऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चेडर कापताना एकीची मूठ हलू लागली.

पेटी २४ तारखेला दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान यायची होती, ती आली पावणेसहाला. कापूरबावडी आणि माजिवडा नाक्यावर नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाहने कशी तुंबतात, हे ठाणेकरांना सांगायला नको आणि त्याचा दोष पेटी आणणाऱ्या मुलाला देणे योग्य नाही. दुकान त्याच रस्त्यावर आहे, तेव्हा बर्फाच्या पिशव्या किती वेळ टिकायला हव्यात, याचा विचार दुकानाने करायला हवा होता. पेटी उघडली तेव्हा दोन्ही पिशव्यांमधील बर्फ पूर्ण वितळला होता. गौडा आणि चेडर यांना त्याने फारसे काही झाले नव्हते, कारण मुरलेल्या घट्ट चीजमध्ये पाणी कमी असते आणि ते काही तास सहज तग धरते. ब्रीचे मात्र तसे नसते. ते बाहेरच्या पांढऱ्या बुरशीपासून आत, गाभ्याकडे मुरत जाते आणि उष्णतेत ही मुरण्याची क्रिया वेगाने पुढे सरकते. आमचे ब्री प्लास्टिकच्या पातळ आवरणात घट्ट गुंडाळलेले होते, त्यामुळे आत साठलेला अमोनियाचा दर्प आवरण सोडताच नाकात शिरला. थोडासा अमोनिया हा ब्रीचा स्वभाव आहे आणि उघडे ठेवल्यावर अर्ध्या तासात तो उडून जातो; हा मात्र गेला नाही आणि कडेचा भाग चवीला कडवट लागला. मी फोटो काढून दुकानात फोन केला. त्यांनी वाद न घालता दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नवे ब्री पाठवले आणि या वेळी ते बटर पेपरमध्ये गुंडाळलेले होते. नवे ब्री थोडे कोवळे होते, कापल्यावर मधोमध खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तरी त्याची चव स्वच्छ, लोण्यासारखी आणि किंचित अळंबीची होती.

आता त्या सूचनापत्राविषयी. त्यात छापले होते की सर्व चीज वाढण्याआधी एक तास फ्रिजबाहेर काढून ठेवावे. मूळ तत्त्व अगदी बरोबर आहे, कारण थंडगार चीजला ना वास असतो ना चव. पण एक तासाचा हा नियम जेथे घरातील हवा १८ ते २० अंशांवर असते, अशा देशांतील स्वयंपाकघरांसाठी आहे. त्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात २७ अंश तापमान होते. नौपाड्यातील डिसेंबर आल्हाददायक असला, तरी ओट्यावर ठेवलेले लोणी येथे डिसेंबरातही मऊ पडते. मी आदल्या दिवशी चेडरचा एक छोटा तुकडा मुद्दाम तासभर बाहेर ठेवून पाहिला, तेव्हा त्याला तेल सुटले आणि कडा चामड्यासारख्या झाल्या. म्हणून पाहुण्यांच्या दिवशी मी चेडर आणि गौडा वाढण्यापूर्वी ३५ मिनिटे, निळे चीज २५ मिनिटे आणि ब्री २० मिनिटे आधी काढले. चारही प्रकार योग्य अवस्थेत पानावर आले. ठाण्यात दुकान चालवणाऱ्याने हे सूचनापत्र ठाण्याच्या हवेत तपासून छापावे, एवढी अपेक्षा गिऱ्हाइकाने ठेवणे गैर नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोणी ते पत्र तंतोतंत पाळले, तर पाहुण्यांसमोर ब्रीचे थारोळे ठेवावे लागेल.

दुसरी उणीव मला याहून मोठी वाटते. पेटीच्या झाकणावर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता, पण आतील एकाही पुडीवर चीज कशाने घट्ट केले आहे, याचा उल्लेख नव्हता. आमच्या पाहुण्यांमध्ये शेजारच्या काकू होत्या, ज्या अंडेही खात नाहीत. पारंपरिक पद्धतीत दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. इटलीचे पार्मिजानो रेजानो तर नियमानेच त्याशिवाय करता येत नाही. भारतात चीज करणारे बहुतेक जण सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात आणि ते पूर्ण शाकाहारी असते. मी दुकानात विचारले, तेव्हा चारही प्रकार अशाच रेनेटचे असल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले. काकूंनी पहिला तुकडा हातात घेण्याआधी मला विचारले, “अगं, हे मला चालेल ना? खात्री करून घेतली आहेस ना?” मला निःशंकपणे “हो काकू, दुकानात विचारून घेतलंय” असे म्हणता आले, ते केवळ त्या फोनमुळे. ज्या घरांत खाण्यापिण्याचे नियम श्रद्धेने पाळले जातात, त्या घरांत हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा त्याचे उत्तर प्रत्येक पुडीवर छापलेले असायला हवे.

गरोदर पाहुण्यांसाठीही सूचनापत्रात एक ओळ हवी होती. माझी भाची सहाव्या महिन्यात आहे. ब्रीसारखे पांढऱ्या बुरशीचे मऊ चीज आणि मऊ निळे चीज यांत लिस्टेरिया हा जिवाणू वाढण्याचा धोका असल्याने गरोदरपणात ते न शिजवता खाऊ नये, असे डॉक्टर सांगतात. घट्ट, मुरलेले चीज चालते. मी तिच्यासाठी गौडा आणि चेडरची वेगळी बशी केली. एकाच सुरीने सगळे कापले गेले, तर वेगळ्या बशीला अर्थ उरत नाही, म्हणून तिची सुरीही वेगळी ठेवली.

चवीच्या बाबतीत पेटीतील सर्वांत उत्तम चीज गौडाच होते. गौडा करताना दुधाच्या घट्ट झालेल्या गोळ्यातील निवळीचा काही भाग काढून त्यात गरम पाणी घालतात, त्यामुळे दुधातील साखर धुतली जाते, आंबटपणा कमी राहतो आणि मुरल्यावर चीजला गोडसर चव येते. वर्षभर मुरलेल्या या गौडात दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण होते. मुलांना ते साखरेचे वाटले. वास्तविक प्रथिने विघटित होताना तयार होणारे ते स्फटिक असतात आणि चीज नीट मुरल्याची ती खूण मानली जाते. चौकोनी तुकड्यांच्या प्रक्रिया केलेल्या चीजवर वाढलेल्या दोन्ही मुलांनी बाकी काही न घेता गौडाच संपवले. चेडर ठीक होते. निळ्या चीजबद्दल मला धास्ती होती, कारण आपल्याकडे बुरशी दिसली की पदार्थ टाकून देण्याची शिकवण लहानपणापासून मिळते. हे चीज खारट आणि तिखट होते, पण त्याचा पोत लोण्यासारखा होता आणि महाबळेश्वरच्या जांभळाच्या मधाचा किंचित कडवट थेंब वर सोडला की त्याचा तिखटपणा निवत असे. आठपैकी पाच जणांनी ते चाखले, तिघांनी पुन्हा घेतले.

पेटीतील सोबतीचे पदार्थ मात्र मी जवळजवळ सगळे बाजूला ठेवले. लसणाची क्रॅकर्स तोंडात गेल्यावर ब्रीची चव कळणेच शक्य नव्हते आणि अंजिराच्या जॅममध्ये अंजिरापेक्षा साखर अधिक होती. २४ तारखेला सकाळी मी जांभळी नाक्याच्या बाजारात गेले होते. पुरंदरच्या अंजिरांचा खट्टा बहार याच दिवसांत येतो, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नुकतीच सुरू झालेली असते आणि आवळे भरपूर असतात. तेथून अंजीर, स्ट्रॉबेरी आणि सांगलीचे बेदाणे आणले. घरात आईने केलेला मोरावळा होताच. इंग्लंडमध्ये चेडरबरोबर गोड-आंबट चटणी खाण्याची रीत आहे. मोरावळ्याची फोड तेच काम अधिक छान करते, कारण आवळ्याचा तुरटपणा चेडरचा तेलकटपणा तोडतो. क्रॅकर्सच्या जागी मी दोन गोष्टी ठेवल्या: ब्रून पावाच्या पातळ चकत्या तव्यावर कोरड्या भाजून आणि सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी तुकडे करून. कडक भाकरीला स्वतःची फारशी चव नसते, ती मोडताना छान आवाज करते आणि मऊ ब्रीच्या भाराने वाकत नाही. पाहुण्यांनी सर्वांत जास्त चौकशी तिचीच केली.

मी त्याच दुकानातून वेगळे १०० ग्रॅम ब्रुनोस्टही मागवले होते. हे मूळचे नॉर्वेचे तपकिरी चीज आहे. निवळीत दूध व साय घालून ती तासन्‌तास आटवतात, दुधातील साखर भाजली जाते आणि खमंग, गोड-खारट वडी तयार होते. मुंबईच्या एलेफ्थेरिया या कंपनीच्या ब्रुनोस्टला २०२१ मध्ये वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळाले होते. साताऱ्याचा कंदी पेढा ज्यांना आवडतो, त्यांना या चवीची ओळख करून द्यावी लागत नाही. माझ्या सासऱ्यांनी पहिला तुकडा खाऊन “हा तर कमी गोडाचा पेढा आहे” असे म्हटले आणि जेवणानंतर काळ्या कॉफीबरोबर तो पुन्हा मागितला. ब्रुनोस्टचे जाड तुकडे जिभेला चिकटतात. सोलाण्याने कागदासारख्या पातळ पट्ट्या काढल्या, तर ते विरघळते. सणाच्या पेटीत चेडरऐवजी दुकानाने याला जागा द्यावी, असे मला वाटते.

बांबूची फळी इतकी लहान होती की तिच्यावर चार चीज ठेवल्यावर फळांना जागाच उरत नव्हती. मी शिसवी पोळपाट घासून, उन्हात वाळवून घेतला आणि त्यावर सौम्य ते उग्र अशा क्रमाने घड्याळाच्या दिशेने मांडणी केली: ब्री, चेडर, गौडा आणि शेवटी निळे चीज. ब्रुनोस्ट फळीवर एकटे ठेवले. ब्रीचा त्रिकोणी तुकडा टोकाकडून आडवा न कापता लांबीने कापला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला गाभाही येतो आणि सालही. पांढरी साल खायची असते, गौडावरचे मेण काढायचे असते. हे दोन पाहुण्यांना ऐन वेळी सांगावे लागले, म्हणून पुढच्या वेळी नावांच्या चिठ्ठ्यांवरच लिहून ठेवणार आहे.

सगळे मिळून सुमारे १३० ग्रॅम चीज उरले. ते बटर पेपरमध्ये गुंडाळून, वर झाकणाचा डबा लावून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. निळ्या चीजचा डबा वेगळा ठेवला, कारण त्याची बुरशी शेजाऱ्यांवर पसरते. उरलेले चेडर दुसऱ्या दिवशी सकाळी गरम थालिपिठावर किसून संपले.

पेटीतील चारही चीज त्याच दुकानात सुटे घेतले असते, तर सुमारे १,७५० रुपये झाले असते. उरलेल्या ७०० रुपयांत जे मिळाले, त्यातील अक्रोड आणि ऑलिव्ह सोडता काहीच माझ्या उपयोगाचे नव्हते. ३१ तारखेसाठी मी तेथेच गौडा, निळे चीज आणि ब्रुनोस्ट वजनावर सांगून ठेवले आहे आणि ब्री आणायला सकाळी रस्ता मोकळा असताना बर्फाची पिशवी घेऊन स्वतः जाणार आहे.