आरटीई २५ टक्के प्रवेश: सोडत चोख, जागा अपुऱ्या

शिक्षणहक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी शासन जी ऑनलाइन प्रवेशसेवा चालवते, तिचे हे परीक्षण नाशिकच्या इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातील पालकांसाठी लिहीत आहे. आमच्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकांच्या मुलीचा पहिलीचा अर्ज मी भरून दिला होता.

अर्ज मराठीत आहे आणि त्याला शुल्क नाही. खरी कसोटी लागते ती नकाशावर. घराच्या ठिकाणी लाल फुगा टेकवला की एक किलोमीटरच्या आतील आणि १ ते ३ किलोमीटरमधील शाळांची यादी समोर येते व तीतून जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. फुग्याची जागा मोजक्याच वेळा बदलता येत असल्याने हे काम घाईत उरकू नये. अडचण अशी की, हे अंतर हवाई मोजले जाते. त्यामुळे यादीत हाकेच्या अंतरावर दिसणारी शाळा प्रत्यक्षात मुंबई-आग्रा महामार्गाच्या पलीकडे निघू शकते, आणि शाळा सुटण्याच्या वेळी इंदिरानगर बोगद्यात काय अवस्था असते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांबाबत सेवा कठोर आहे. भाड्याने राहणाऱ्यांचा करार नोंदणीकृत आणि अर्जाच्या तारखेपूर्वीचा असावा लागतो. नुसत्या नोटरीवर भागत नाही. या भागात भाडेकरूंची संख्या मोठी असून घरमालक नोंदणी टाळतात, त्यामुळे सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश हुकण्याची भीती राहते. सोडत मात्र संगणकावर होते, तिथे शिफारशीची चिठ्ठी किंवा वशिला चालत नाही, आणि ही बाब मला सर्वांत मोलाची वाटली.

तरीही मुलीचे नाव प्रतीक्षा यादीतच राहिले, आणि त्याचा दोष मी सेवेला देणार नाही. जागा ठरतात त्या शाळेच्या पहिलीच्या प्रवेशक्षमतेवरून. शेजारी किती नवे टॉवर उभे राहिले याच्याशी त्यांचा संबंध नसतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सहाव्या कलमाने, जिथे परिसरशाळा, म्हणजे घराजवळची शाळा, नाही तिथे ती तीन वर्षांत उभारण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणावर टाकली होती, आणि पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही त्याच कायद्यात आहे. नव्या वसाहतींत २५ टक्के जागांचे बारावे कलम सर्वांना तोंडपाठ, सहाव्याचे नावही कोणी काढत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या जागांतून सूट देणारा बदल राज्याने केला होता. तो त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकीय राजवट होती, म्हणजे वर्गखोल्यांबद्दल जाब विचारणारा लोकनियुक्त नगरसेवकच नव्हता.

पालकांनी अर्ज जरूर भरावा, भाडेकरार आधीच नोंदवून घ्यावा आणि १० शाळा निवडण्यापूर्वी प्रत्येकीचा रस्ता एकदा चालून पाहावा. प्रभागातील नगरसेवक भेटल्यावर मात्र गटार-पथदिव्यांबरोबरच, विकास आराखड्यात शाळेसाठी आरक्षित असलेले आपल्या भागातील कोणते भूखंड ताब्यात आले आणि त्यांपैकी कशावर शाळा बांधली, याची यादी लेखी मागावी.