उपयोजित गुन्हेगारीशास्त्र की फॉरेन्सिक सायन्स?

दोन्ही विषय गुन्ह्याशी निगडित, म्हणून शिकायला कोणता घ्यावा यात गल्लत होते. फॉरेन्सिकवाल्यांचा दिवस प्रयोगशाळेत जातो: रक्ताचे डाग, डीएनए, आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची अखंड नोंद. ही साखळी तुटली की अचूक अहवालही न्यायालयात लंगडा पडतो. रसायनशास्त्र कच्चं असेल तर इकडे फिरकू नका.

गुन्हेगारीशास्त्रात माणसं आणि आकडे. पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे म्हणजे घडलेले सगळे गुन्हे नव्हेत. म्हणून ती आकडेवारी पीडितांच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहायची. मुलाखती घ्यायच्या, पुन्हा गुन्हा होण्याचा धोका जोखायचा. संख्याशास्त्राला घाबरणारे इथेच अडकतात. प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसलेला अभ्यासक्रम मात्र घेऊ नका.

प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका), कैद्यांचं पुनर्वसन, पीडित-साहाय्य, गुन्हे-विश्लेषण यांत रस असेल तर गुन्हेगारीशास्त्र. पुरावा तपासायचा असेल तर फॉरेन्सिक. वकिलीच करायची असेल तर दोन्ही सोडा, कायदा शिका.